मालिनीबाई सहज जाऊन आल्या

मालिनीबाई जगदाळे यांच्याबद्दल जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या मराठी मंडळात दोन मतं आहेत. एक मत असं, की त्या आगाऊ आहेत. दुसरं असं, की त्या फारच आगाऊ आहेत. दोन्ही मतांची माणसं त्यांच्याकडे अधूनमधून जेवायला असतात आणि जेवून बाहेर पडली की जिन्यातच आपापली मतं मांडतात. जिना जुना आहे, आवाज घुमतो. मालिनीबाई दार नुसतं लोटून आत उभ्या राहतात, सगळं ऐकतात, आणि जो जास्त बोलला त्याला पुढच्या वेळी जास्त वाढतात. खाऊन खाऊन तो माणूस पार आडवा होतो. सूड घ्यायची ही कराडची पद्धत आहे म्हणे.

कराडहून त्या इथे आल्या तेव्हा त्यांचा मुलगा मांडीवर होता. आता तो कॅनडात आहे आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला व्यायाम करायला सांगतो. नवरा विष्णू, शेजारच्या झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्सचा इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यापासून तो बाल्कनीत मिरच्या लावतो. त्यासाठी आधी आराखडा काढतो, मग माती घालतो. मिरची मात्र आराखड्याप्रमाणे येत नाही, याचं त्याला दर उन्हाळ्यात नव्याने वाईट वाटतं.

मालिनीबाईंचं जर्मन हा मंडळात थट्टेचा विषय आहे. विष्णूने रीतसर वर्गात जाऊन शिकलेलं जर्मन शुद्ध आहे आणि ते कोणी ऐकत नाही. मालिनीबाईंचं जर्मन अशुद्ध आहे आणि सगळे मुकाट ऐकतात. कारण त्या ते गुलसुमकडून शिकल्या. त्याचं असं झालं, की त्यांच्या तेव्हाच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली होती, वॉशकुखे. प्रत्येक घराचा वार ठरलेला. नव्या आलेल्या मालिनीबाईंनी दुसऱ्याच्या वाराला आपले कपडे लावले. सगळी इमारत गप्प राहून रागावली. एकटी गुलसुम खाली आली आणि कमरेवर हात ठेवून कडाकडा भांडली. मालिनीबाईंना शब्द एकही कळला नाही, पण सूर ओळखीचा वाटला. त्यांनी मराठीत उत्तर दिलं. दोघी दमेपर्यंत भांडल्या, मग गुलसुम वर जाऊन चहा घेऊन आली. इमारतीत त्यांच्याशी तोंड उघडून बोललेलं ते पहिलं माणूस.

गुलसुमचा बाप तुर्कस्तानातून गास्टआर्बायटर म्हणून आला होता, म्हणजे पाहुणा कामगार. आयुष्यभर पत्रे ठोकून पाहुणाच मेला, असं गुलसुम म्हणते. ती स्वतः नऊ वर्षांची असताना इथे आली, शाळा अर्धी सोडून कारखान्यात लागली, आणि कारखान्याने तिचा विभाग बंद केल्यावर शनिवारच्या आठवडी बाजारात ब्योरेकचा ठेला टाकला. ब्योरेक म्हणजे पालक-चीज भरलेली पातळ पदरांची तिखट-खारी वडी. तिच्या नवऱ्याची पाठ कामातून गेलेली, त्यामुळे घर त्या ठेल्यावर चालतं.

त्याच बाजारात, त्याच ओळीत, चांथूचा ठेला. ती कंबोडियाची. लहानपणी थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीतून आईचं बोट धरून जर्मनीत आली. ती तळलेले रोल विकते, कमी बोलते, आणि हसते तेव्हा नेमकी कशाला हसली ते समोरच्याला घरी गेल्यावर कळतं.

बाजारात विकायचं अन्न घरच्या ओट्यावर करून चालत नाही. तपासणी झालेलं स्वयंपाकघर लागतं. ते होतं गल्लीच्या टोकाला, ट्रेफपुंक्टमध्ये. एका संस्थेने चालवलेली जागा: एक हॉल, दोन वर्ग, आणि मोठ्या शेगड्यांचं स्वयंपाकघर. गुरुवारी गुलसुमचा तुर्की बायकांचा गट, शुक्रवारी चांथूचा कंबोडियन गट. गट म्हणजे कागदावर. तुर्की गटात गुलसुम आणि तिची बहीण, कंबोडियन गटात चांथू आणि तिची म्हातारी आई. दोघींना वेगळे वार दिले होते, कारण गुलसुमचं म्हणणं, चांथूच्या माशाच्या सॉसचा वास माझ्या पिठात शिरतो. चांथूचं म्हणणं काहीच नव्हतं, ती फक्त गुरुवारनंतर सगळ्या खिडक्या उघडायची.

या वर्षी संस्थेचं अनुदान आटलं. व्यवस्थापिका फ्राऊ आयझले, पक्की श्वाबेन, म्हणजे इथल्या मातीतली, काटकसर आणि झाडलोट यांच्यावर जिवापाड प्रेम. तिने नोटीस लावली: यापुढे आठवड्यात एकच वार फुकट. तो ज्यांना गरज जास्त त्या गटाला. दुसऱ्या गटाने पूर्ण भाडं भरावं.

पूर्ण भाडं भरून ब्योरेक विकायचं तर ब्योरेकलाच सोन्याचा वर्ख लावावा लागला असता. म्हणजे दोघींपैकी एकीचा ठेला बंद, हे नोटीस वाचणाऱ्या कोणालाही कळत होतं.

आता गरज कोणाला जास्त, हे ठरवायचं कसं? इथे मंडळ आलं. ट्रेफपुंक्टचा हॉल मंडळाला गणपतीसाठी दरवर्षी फुकट मिळतो, त्यामुळे फ्राऊ आयझलेशी संबंध गोड. तिने सहज विचारलं, की तुमच्यात एवढी हुशार माणसं आहेत, तुम्ही कोणाच्याच बाजूची नाही, एक छोटा अहवाल द्याल का? आणि कपिल म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर! मी करतो ना."

हा कपिल मंडळाचा सेक्रेटरी. पुण्याचा, एका सॉफ्टवेअर फर्ममध्ये डेटा ॲनालिस्ट. मुलगा गुणी. खोटं बोलत नाही, कर चुकवत नाही, फक्त कशाचाही तक्ता केल्याशिवाय त्याला घास गिळत नाही. मुंज असो की सहल, त्याची स्लाइड तयार. त्याने बैठकीत विषय मांडला: 'तुर्की व कंबोडियन स्थलांतरित समाजांचं आर्थिक स्थैर्य: तुलनात्मक अभ्यास'. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, तुर्की म्हणजे मर्सिडीजवाले रे, लग्नात सोन्याने मढतात. दुसरं कोणी म्हणालं, कंबोडियन लोक फार कष्टाळू, बोलत नाहीत पण आतून गब्बर. तिसरा म्हणाला, आपण दोघांच्याही वर आहोत ना, मग झालं. याला अभ्यासाची पूर्वतयारी म्हणतात.

"काकू," कपिल मालिनीबाईंना म्हणाला, "तुमची दोघींशी ओळख आहे. मला एकदा त्यांच्या घरी घेऊन चला. फक्त आधी कारण सांगू नका, नाहीतर उत्तरं बायस होतात."

कारण न सांगता जाणं हे मालिनीबाईंना शिकवावं लागत नाही. कराडला कोणाच्या घरी काम घेऊन गेलं तरी 'सहज आले होते' असंच म्हणायचं. बसायचं, पाणी प्यायचं, पोरांची चौकशी करायची, लोणच्याची तारीफ करायची, आणि उठून, चपला घालताना, दारात, 'बरं का, एक विचारायचं होतं' म्हणून काम काढायचं. त्यांनी आयुष्यभर सगळी कामं दारातच केली. मुलाची सोयरीकसुद्धा दारात ठरली.

त्यांनी गुलसुमला फोन केला. "रविवारी सहज येतेय. आमच्यातला एक मुलगा आहे सोबत, पुण्याचा."

रविवारी गुलसुमचं घर पाहून मालिनीबाईच चपापल्या. सोफ्यावर मखमली खोळ. भिंतीवर मोठा टीव्ही. टेबलावर एवढे पदार्थ की टेबलाचं लाकूड दिसेना. गुलसुमच्या हातात बांगड्या, इतक्या की चहा ओतताना किणकिणाट. कपिल दर चार घासांनी टॅबलेटवर काहीतरी टिपत होता. गुलसुमला वाटलं, पाककृती लिहून घेतोय. ती कौतुकाने सांगत होती, "हे लिही, हे आमच्या गावाकडचं."

निघताना मालिनीबाईंनी दारात बूट घालत तोंड उघडलं, "बरं का गं, एक..." तेवढ्यात गुलसुमने बाकलाव्याने गच्च भरलेला डबा त्यांच्या छातीशी दाबला. "काही बोलायचं नाही! न्यायचा म्हणजे न्यायचा!" आणि काम राहून गेलं.

तिथून चांथूकडे. तिथे उलट. खोलीत चटई, चटईवर चांथूची आई, भिंती मोकळ्या. गरम पाणी आणि कापलेलं सफरचंद. म्हातारी कपिलच्या टॅबलेटकडे एकटक बघत होती, एकदाही हसली नाही. दारातलं काम तिथेही राहिलं, कारण दार त्यांच्या पाठीमागे फार पटकन लागलं.

गाडीत बसल्यावर कपिल म्हणाला, "काकू, एकदम क्लिअर पिक्चर. तुर्की समाज संपन्न, कंबोडियन समाज गरजू."

"दोन घरं म्हणजे दोन समाज झाले होय रे?"

"सॅम्पल छोटं आहे, मान्य. पण बॉबलिंगेनमध्ये कंबोडियन घरं आहेतच किती? आणि डोळ्यांनी बघितलं ना आपण."

डोळ्यांनी बघितलं होतं खरं. मालिनीबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की विष्णू घाबरतो, त्या दिवशी घरी त्याने तीनदा विचारलं, "अगं, काय झालं?" त्या म्हणाल्या, "बाकलावा खा."

पुढच्या शनिवारी बाजारात गुलसुमचा ठेला नव्हता. बाजूला चांथूचा होता, पण चांथूने ग्राहकाशी बोलता बोलता मान फिरवली. मालिनीबाईंच्या पिशवीत बाकलाव्याचा तो डबा होता, दोघींच्या घरांमध्ये वर्षानुवर्षं भरून ये-जा करणारा. रिकामा डबा कोणाला परत देत नाहीत, म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरलेले होते. त्या थेट गुलसुमच्या घरी गेल्या. या वेळी फोन न करता.

भिंतीवर टीव्हीच्या जागी चार भोकं. सोफ्याला खोळ नाही, आतला स्पंज दिसत होता. गुलसुमच्या हातात एकही बांगडी नाही. ती स्वयंपाकघरात कालचा पाव चहात बुडवून खात होती.

"टीव्ही कुठे गेला गं?"

"जिथला होता तिथे. वरच्या मजल्यावर. खोळ बहिणीची. बांगड्या जावेच्या." गुलसुम हसली. "तू पुण्याचा पाहुणा आणतेस म्हटल्यावर मी काय भुंड्या हातांनी चहा देऊ? या आठवड्याचं पीठ-चीज सगळं त्याच्या पोटात गेलं. म्हणून आज ठेला नाही. जाऊ दे. खाल्लं ना त्याने पोटभर?"

मालिनीबाई खुर्चीवर बसल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काम दारात न सांगता बसून सांगितलं. कपिल कोण, टॅबलेटवर काय लिहीत होता, येत्या गुरुवारी फ्राऊ आयझलेपुढे काय वाचणार आहे, सगळं.

गुलसुमने पाव खाली ठेवला.

"पाहुणी म्हणून आलीस आणि माझ्या ताटल्या मोजल्यास?"

"मी नाही मोजल्या, त्या पोराने..."

"त्या पोराला माझ्या दारात कोणी आणलं?"

मालिनीबाई म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर आयझलेकडे. सांग, की टीव्ही तुझा नाही, सोनं तुझं नाही."

"मी?" गुलसुम उठून उभी राहिली. वॉशकुखेतल्या त्या दिवसासारखे तिचे हात कमरेवर गेले. "मी त्या बाईपुढे जाऊन म्हणू, की बाई मी गरीब आहे, मला शेगडी द्या? माझा बाप इथे पत्रे ठोकून मेला, त्याने कोणाला खिसा उलटा करून दाखवला नाही. ठेला बंद पडला तर पडू दे. मी गरीब आहे असं माझ्या तोंडून या गावात कोणी ऐकणार नाही, मालिनी. ऐकणारच नाही!"

तिने लाडू एका ताटलीत काढले, डबा धुतला, पुसला आणि परत दिला. रिकामा.

मालिनीबाईंना शिव्या चालतात. जिन्यातली निंदा तर त्यांना आवडते. पण तो रिकामा डबा त्यांना पिशवीत टाकवेना; हातातच धरून त्या जिना उतरल्या.

तशाच त्या बाजारात चांथूकडे गेल्या. चांथू रोल तळत होती. मालिनीबाईंनी इथेही सरळ सांगितलं.

"आम्हाला कळलं होतं," चांथू म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही आलात तेव्हाच. आईने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, बाहेरूनच घराकडे बघून लिहितो तो पाहुणा नसतो. छावणीत असेच यायचे. ते आले की आम्ही होतं-नव्हतं ते लपवायचो. जास्त दिसलं की काढून घ्यायचे, नाहीतर यादीतून नाव जायचं." तिने झारा निथळला. "तुम्ही जिना चढत होतात तेवढ्यात आईने खुर्च्या, रेडिओ, चांगली भांडी, सगळं झोपायच्या खोलीत ढकललं. रात्री पलंगावर झोपायला जागा नव्हती."

"म्हणजे तू गरजू नाहीस?"

चांथू तेव्हा हसली, ते तिचं उशिरा कळणारं हसू. "शुक्रवारचं स्वयंपाकघर गेलं तर माझाही ठेला जातो. पण मी गुलसुमपेक्षा गरीब की श्रीमंत, हे सांगायला मी कोणाकडे जाणार नाही. खुर्च्या माझ्या आहेत. त्या मोजायला कोणी यायचं नाही."

घ्या. एकीने पाहुणा समजून नव्हतं ते दाखवलं, दुसरीने साहेब समजून होतं ते लपवलं. आणि दोघींनी मिळून मालिनीबाईंच्या तोंडावर दार आपटलं. मालिनीबाईंना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना भलताच जोर आला. त्या घरी गेल्या आणि विष्णूच्या मिरच्यांना पाणी घालता घालता म्हणाल्या, "अहो, मी कपिलचा अहवाल बंद पाडणार आहे."

"अगं, मंडळात काय म्हणतील?"

"जिन्यात म्हणतील. तिथलं मला ऐकू येतं."

आधी त्या रीतसर कपिलशी बोलल्या. टीव्ही वरच्या मजल्याचा, खुर्च्या झोपायच्या खोलीत, सगळं. कपिलने शांतपणे ऐकलं. "काकू, आता हे ऐकीव झालं. निरीक्षण ते निरीक्षण. आणि त्या दोघी स्वतः येऊन सांगायला तयार आहेत का?"

"नाहीत."

"मग? फ्राऊ आयझले गुरुवारवर अडून आहे. मी ऑब्जेक्टिव्ह राहिलो नाही तर मंडळाचं नाव जाईल."

"बरं," मालिनीबाई एकदम गोड आवाजात म्हणाल्या. "बुधवारी संध्याकाळी घरी आहात ना? सहज येते. फ्राऊ आयझलेला पण आणते, तिला एकदा मराठी घर बघायचंय."

कपिलने आनंदाने बायकोला हाक मारली, "तनया! बुधवारी फ्राऊ आयझले येतेय!"

बुधवारी तनयाने जे मांडलं होतं ते पाहून गुलसुमनेसुद्धा मान डोलावली असती. दारात रांगोळी. चांदीचं ताट, चांदीच्या वाट्या, अत्तरदाणी. श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात, कोथिंबीर वडी, दोन चटण्या. तनयाच्या अंगावर पैठणी, गळ्यात मोहनमाळ. सोफ्यावरचा कपड्यांचा ढिगारा कुठे गेला ते विचारायचं नाही. न्हाणीघराचं दार मात्र नीट लागत नव्हतं.

फ्राऊ आयझले भारावून गेली. "वुंडरबार! तुम्ही रोज असंच जेवता?"

"हो," कपिल म्हणाला.

"छे!" तनया म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. मग एकमेकांकडे बघत राहिले. मालिनीबाई कोथिंबीर वडी खात होत्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि चष्मा लावून एका बोटाने काहीतरी टिपू लागल्या.

"काकू, काय लिहिताय?" कपिलने विचारलं.

"काही नाही रे, सहज."

जेवणं झाली. मालिनीबाई उठल्या. दारात गेल्या, एक बूट घातला, दुसरा हातात घेतला, आणि वळल्या.

"बरं का फ्राऊ आयझले, एक सांगायचं होतं. मराठी समाजाचाही अभ्यास व्हायला हवा ना? मी आत्ताच केला. चांदीची भांडी. सोन्याची माळ. रेशमी साडी. एवढी संपन्न माणसं गणपतीचा हॉल फुकट वापरतात, हे काही बरोबर नाही. पूर्ण भाडं लावा."

कपिलचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "काकू! हे... आल्झो, म्हणजे, हे असं नसतं! पाहुणे येणार म्हणून मांडलंय सगळं! ताट तनयाच्या आईचं आहे, वर्षातून एकदा निघतं!"

"माळ माझ्या मैत्रिणीची आहे," तनया म्हणाली. "आणि श्रीखंड विकतचं. चला, आता सगळंच सांगून टाकते." तिला मनापासून हसू फुटलं होतं. "कपिल, तू त्या बाईंच्या घरी पाहुणा म्हणून गेला होतास?"

"सहज गेलो होतो," कपिल पुटपुटला.

"मग त्यांनी काय मांडायला हवं होतं? पे-स्लिप?"

फ्राऊ आयझलेला सगळा संदर्भ समजायला थोडा वेळ लागला. मालिनीबाईंनी आपल्या दणकट जर्मनमध्ये समजावला: टीव्ही, खोळ, बांगड्या, झोपायच्या खोलीतल्या खुर्च्या. ऐकता ऐकता तिने पर्स खाली ठेवली. "माझ्या आईकडे एक खोली होती," ती म्हणाली. "चांगली बैठक. वर्षभर कुलूप. पाद्री आला की उघडायची. आम्ही पोरं स्वयंपाकघरात बटाटे खायचो आणि पाद्रीला वाटायचं, आम्ही जमीनदार आहोत. देणगी मागून मागून त्याने आईला रडवलं होतं." ती कपिलकडे वळली. "हेर कपिल, तो अहवाल राहू द्या."

कपिलने मान हलवली. वाईट मुलगा नव्हेच तो. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः गुलसुमच्या दारात जाऊन माफी मागितली. सहज आलो, असं म्हणाला नाही. आधी कारण सांगितलं. गुलसुमने त्याला आत घेतलं नाही, पण ऐकून घेतलं.

अहवाल गेला, पण नोटीस होतीच. एक वार, एक गट. "पैसे नाहीत ते नाहीतच," फ्राऊ आयझले म्हणाली होती. "मी तुलना नाही करणार, पण निवड करावीच लागेल."

त्याच गुरुवारी मालिनीबाईंनी गुलसुमला आणि चांथूला ट्रेफपुंक्टच्या स्वयंपाकघरात बोलावलं. गुलसुम आली ती दारातच उभी राहिली. "काम सांग. बसणार नाही."

"एक वार एका गटाला मिळतो. तुम्ही दोन गट कोणी केलेत?"

"तिचा मासा," गुलसुम म्हणाली.

"तिचा कांदा," चांथू म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मासा खिडकीकडच्या शेगडीवर, कांदा दाराकडच्या. मधल्या शेगडीवर मी उभी राहते, बटाटेवडे तळते. माझ्या तेलाच्या वासापुढे तुमचे दोन्ही वास कोणाला येणार नाहीत."

"तू? बाजारात? तुझ्या मंडळाला काय वाटेल, इंजिनिअरची बायको वडे विकते?"

"त्यासाठीच तर विकायचे आहेत!"

गुलसुमच्या ओठाचा कोपरा हलला. पण ती मागे सरली नाही. "आणि आयझलेपुढे गरीब म्हणून हात पसरणार नाही."

"कोण पसरतंय? ती शेगडी देणार, आपण ती घासूनपुसून परत देणार. होती त्याहून स्वच्छ. श्वाबेन बाईला यापेक्षा जास्त भाडं कोणी दिलेलं नाही."

तिघी ऑफिसात गेल्या. फ्राऊ आयझलेने अर्ज काढला, चष्मा लावला. गटाचं नाव? बाजारवाल्या बायका. सदस्य? तिघी, शिवाय एक बहीण, एक आई. "आणि इथे मूळ देश लिहायचा असतो. कोणता समाज?"

मालिनीबाईंनी गुलसुमकडे बघितलं. गुलसुम टेबलावर ओणवी झाली.

"बॉबलिंगेन," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे मूळ..."

"मी नऊ वर्षांची असताना इथे आले, फ्राऊ आयझले. माझ्या गुडघ्यावरचा पहिला व्रण इथल्या शाळेच्या अंगणातला आहे. माझा बाप इथल्या मातीत आहे. तुम्हाला श्रीमंत तुर्की हवी होती, मग गरीब तुर्की हवी होती. दोन्ही मिळणार नाहीत. बॉबलिंगेन लिहा."

"माझंही तेच," चांथू म्हणाली.

"गेनाऊ," मालिनीबाई म्हणाल्या. "माझंही. आणि जागा उरली तर कराड लिहा."

फ्राऊ आयझलेने मूळ देशाच्या रकान्यावर पेन टेकवलं. मग तिने लिहिलं: बॉबलिंगेन. कराडला जागा उरली नाही.

शुक्रवारी त्या स्वयंपाकघरात जे काही चालतं त्याला शांतता म्हणता येणार नाही. गुलसुम अजूनही खिडकीकडे बघून नाक मुरडते, चांथू अजूनही खिडक्या उघडते, आणि मालिनीबाईंचे वडे सगळ्यांच्या आधी संपतात हे दोघींनाही खपत नाही. मंडळातले लोक शनिवारी बाजारात येतात, आधी लांबून बघतात, मग वडे घेतात. जिन्यातलं मत आता असं, की मालिनीबाई हद्दीबाहेर आगाऊ आहेत. अभ्यासाची स्लाइड कपिलने पुसली असं तो सांगतो. तनया सांगते, की पुसली नाही, तो लपवून ठेवून मधूनमधून बघतो.

मध्यंतरी मालिनीबाई गुलसुमकडे गेल्या. फोन न करता. गुलसुमने सोफ्यावरचे धुतलेले कपडे बाजूला न सारता त्यांना त्यातच बसवलं. टवका उडालेल्या पेल्यात चहा दिला, सोबत कालचा पाव.

"एवढंच?" मालिनीबाई म्हणाल्या. "बाकलावा?"

"बाकलावा पाहुण्यांना," गुलसुम म्हणाली आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या पेल्यात स्वतःचा चहा घेऊन बसली.

निघताना मालिनीबाई दारात थांबल्या, एक बूट पायात, एक हातात. गुलसुमने कमरेवर हात ठेवले. "आता काय काम आहे?"

"काही नाही," मालिनीबाई म्हणाल्या. "खरंच सहज आले होते."

"खोटारडी," गुलसुम म्हणाली, आणि त्यांच्या डब्यात ब्योरेकच्या करपलेल्या कडा भरून दिल्या.